सुगंधाला नावं ठेवताना

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांच्यात एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला आत्या नाव ठेवते आणि घरी परतताना पाहुणे नावं ठेवतात. अत्तरांच्या नावांवर लिहायचं तर ही दोन्ही कामं करावी लागतात. कोणतं नाव चुकलं हे सांगितल्याशिवाय कोणतं नाव बरोबर असतं ते सांगता येत नाही.

नावाचा एवढा विचार कशाला, असं कुणी विचारेल. पण पुस्तक घेण्याआधी चार पानं चाळता येतात, सिनेमाचा ट्रेलर बघता येतो, गाणं तर फुकटात पूर्ण ऐकता येतं. वासाचं तसं नाही. फोनच्या काचेतून काहीही हुंगता येत नाही. पुसदला, वणीला किंवा उमरखेडला बसून परफ्यूम ऑर्डर करणाऱ्या मुलापुढे तीनच गोष्टी असतात: बाटलीचा फोटो, किंमत आणि नाव. खाली ‘टॉप नोट बर्गमॉट, बेस नोट अंबर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पण ज्यानं बर्गमॉट नावाचं लिंबू कधी पाहिलेलं नाही त्याला त्या ओळीतून काय कळणार? म्हणजे उरतं नाव. तेच नमुना, तीच जाहिरात आणि तीच शिफारस.

आठवडी बाजारात किंवा उरुसात अत्तरवाला बसतो, तिथे हा क्रम उलटा असतो. त्याच्या पेटीत लहान लहान बाटल्या असतात. तो आधी मनगटावर काचेची काडी टेकवतो, आपण वास घेतो, मान हलवतो आणि मग विचारतो, “हे कोणतं?” तेव्हा तो सांगतो: खस, केवडा, हिना, शमामा, मजमुआ. वास आधी, नाव नंतर. ही नावं साधी आहेत, कारण त्यांना काहीच विकायचं नसतं. विक्री वासानं आधीच केलेली असते. ‘हिना’ म्हणजे मेंदी. ‘मजमुआ’ म्हणजे संग्रह, गोळाबेरीज. अनेक अत्तरं एकत्र करून केलेल्या अत्तराला याहून प्रामाणिक नाव कोणतं असेल?

ऑनलाइन बाजारात नाव आधी येतं आणि वास चार दिवसांनी कुरिअरनं. त्यामुळे नावावरचं ओझं वाढलं. ते ओझं कोणत्या नावाला पेलतं आणि कोणतं नाव त्याखाली खोटं बोलायला लागतं, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. आणि तो मला परका वाटत नाही, कारण सुगंधाच्या व्यापारातली नाव चोरीला जाण्याची सर्वांत लांबलचक गोष्ट माझ्याच भागातल्या एका गवताची आहे.

एका गवताची पाच नावं

वऱ्हाड, खानदेश आणि निमाडच्या डोंगरउतारांवर रोशा नावाचं गवत उगवतं. कुठे त्याला तिखाडी म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत ते ‘रोहिष’ या नावानं येतं. पावसाळा सरत आला की याला तुरे येतात. पान बोटांत चुरगळलं की गुलाबासारखा, पण थोडा हिरवा आणि थोडा तिखट वास येतो. नाल्याकाठी भट्टी लावून या गवताचं तेल काढायची रीत जुनी आहे. गुडघेदुखीला चोळायचं तेल म्हणून ते घराघरांत माहीत होतं, आणि व्यापारी माल म्हणून मुंबईच्या बंदरातून बाहेर जात होतं.

आता या तेलाचं पुढे काय झालं ते नावांच्या अंगानं बघा.

पहिलं नाव व्यापाऱ्यांनी दिलं. चांगल्या प्रतीच्या, गोड वासाच्या गवताला ‘मोतिया’ म्हणू लागले आणि उग्र वासाच्या प्रकाराला ‘सोफिया’. मोतिया हे हिंदीत मोगऱ्याच्या एका प्रकाराचं नाव आहे. म्हणजे माळावरच्या गवताला बागेतल्या फुलाचं नाव दिलं, भाव यावा म्हणून. वनस्पतिशास्त्रानंही हीच बाजारू नावं पुढे उचलली. आजही या गवताचे दोन प्रकार शास्त्रीय ग्रंथांत मोतिया आणि सोफिया म्हणूनच नोंदलेले आहेत.

दुसरं नाव शास्त्राचं. क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधल्या लियों शहरात जन्मलेला माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी झाला. लखनौची ‘ला मार्टिनिएर’ शाळा त्याच्याच पैशातून उभी राहिली. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना त्यानं दख्खनच्या पठारावर हे गवत पाहिलं, त्याचं बी गोळा केलं आणि लखनौला नेऊन लावलं. पुढे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन करताना मार्टिनचं नाव गवताला दिलं. आज ते ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ आहे. जे गवत शतकानुशतकं ‘रोहिष’ होतं, त्याचं बारसं एका लष्करी मुक्कामात झालं.

तिसरं नाव सर्वांत महाग पडलं. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे इस्तंबूलला पोहोचायचं. तिथून ते गुलाबाच्या प्रदेशात जायचं. आजच्या बल्गेरियातलं कझानलक तेव्हा उस्मानी साम्राज्यात होतं. गुलाबाचं अत्तर प्रचंड महाग आणि रोशाचं तेल त्याच्या तुलनेत कवडीमोल. त्यामुळे उन्हात ठेवून आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून ते गुलाबाच्या तेलासारखं फिकट करत आणि गुलाबात मिसळत. कधी तर भट्टीत घालण्याआधीच पाकळ्यांवर शिंपडत. युरोपच्या बाजारात या तेलाला ‘टर्किश जेरेनियम’ आणि ‘इंडियन जेरेनियम’ अशी नावं पडली. ते तुर्की नव्हतं आणि जेरेनियमही नव्हतं. पण वाटेतल्या बंदराचं नाव मालाला चिकटलं आणि ज्या उतारावर ते कापलं गेलं त्याचं नाव गळून पडलं.

चौथं नाव तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलं आहे. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञानं भारतातून आलेल्या या ‘जेरेनियम गवता’च्या तेलातून गुलाबासारख्या वासाचं एक द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याचं नाव पडलं ‘जेरॅनिऑल’. आज साबणापासून महागड्या परफ्यूमपर्यंत हे द्रव्य सगळीकडे आहे. चांगल्या रोशा तेलात साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग याचाच असतो. म्हणजे रेणू निघाला रोशातून आणि नाव मिळालं जेरेनियमचं. गंमत अशी की सुगंधाच्या धंद्यात ज्याला जेरेनियम म्हणतात ते झाडही खरं तर जेरेनियम नाही, पेलार्गोनियम आहे. चुकीच्या नावाचं हे चुकीचं नाव.

पाचवं नाव आजच्या बाटलीवर असतं: ‘पामारोझा’. त्यात पाम नाही आणि रोझही नाही. अरोमाथेरपीच्या वेबसाइटवर ही छोटी तपकिरी बाटली मिळते. आपल्याच माळावरचं गवत आपल्याला इटालियन वाटणाऱ्या नावानं परत विकलं जातं, आणि आपण ते ‘इम्पोर्टेड’ समजून घेतो.

या गोष्टीत खलनायक कुणी एक नाही. प्रत्येकानं नाव दिलं ते आपल्या सोयीनं. पण बेरीज बघा. पाच नावांपैकी एकाही नावात जमिनीचा पत्ता नाही. ज्याला पत्ता नाही त्याला भाव मागता येत नाही. दार्जिलिंगचा चहा दार्जिलिंग म्हणून विकला जातो, कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, कोकणचा हापूस आपल्या नावासाठी भांडू शकतो. रोशा कापणाऱ्या माणसाकडे भांडायला नावच उरलं नाही.

उसनं नाव, पोस्टकार्ड नाव

यावरून माझा पहिला आक्षेप: उसन्या नावानं माल आज खपतो, पण उद्याची किंमत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. ‘मोतिया’ म्हटलं की मोठेपण मोगऱ्याला मिळतं, रोशाला नाही.

दुसरा आक्षेप पोस्टकार्ड नावांवर. परदेशी अत्तरगृहांना आपल्या भागाची नावं फार आवडतात. गेर्लांनं १९२५ साली ‘शालिमार’ आणलं. नाव मुघल बागेचं आणि त्यामागे कंपनीनं सांगितलेली शहाजहान-मुमताजची प्रेमकथा. मुमताज १६३१ साली गेली ती बुऱ्हाणपूरला, म्हणजे खानदेश-निमाडच्या वेशीवर, रोशाच्या मुलखात. पण बुऱ्हाणपूर नावाचं परफ्यूम पॅरिसमध्ये कोण घेणार? पोस्टकार्डावर बाग छापतात, बाळंतपणात जीव गेला ते गाव छापत नाहीत. ‘शालिमार’ हे परफ्यूम म्हणून थोर आहे, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. सुगंधाच्या इतिहासात त्याचं स्थान पक्कं आहे. माझा मुद्दा एवढाच की त्याच्या नावात भारत नाही, भारताबद्दलचं स्वप्न आहे. स्वप्न ज्याचं, नाव त्याचं.

त्याच गेर्लांनं १९८९ साली चंदन आणि चमेलीच्या भोवती रचलेलं परफ्यूम आणलं, ‘संसारा’. त्यांना अभिप्रेत होतं जन्म-मृत्यूचं चक्र, पौर्वात्य गूढ वगैरे. आता हे नाव मराठीत म्हणून बघा. ‘संसार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? किराण्याची यादी, गॅसचा नंबर, कुकरच्या शिट्ट्या आणि “संसाराचा गाडा”. एखाद्या मराठी बाईला “तू आज संसार लावलायस का?” असं विचारलं तर ती म्हणेल, “वीस वर्षं झाली लावून.” एकच शब्द पॅरिसमध्ये मोक्षाकडे बोट दाखवतो आणि दारव्ह्यात फोडणीकडे. नाव निवडणाऱ्यानं निदान त्या शब्दाच्या घरी जाऊन यावं, ही अपेक्षा जास्त नाही.

पोस्टकार्ड नावं फक्त परदेशी लोकच ठेवतात असंही नाही. ‘बॉम्बे परफ्युमरी’ ही २०१६ मध्ये सुरू झालेली भारतीय कंपनी. तिच्या एका परफ्यूमचं नाव ‘सेव्हन आयलंड्स’. मुंबईच्या सात बेटांचं हे नाव नकाशा बघणाऱ्याचं आहे, मुंबईत राहणाऱ्याचं नाही. लोकल पकडणाऱ्याला आपण बेटावर आहोत हे आठवतही नाही. पण त्याच कंपनीचं दुसरं नाव मला फार आवडतं: ‘मदुराई टॉकीज’. मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांचा वास, आणि नावात गाव आणि सिनेमाचं थिएटर. ‘टॉकीज’ हा शब्द इंग्रजी असूनही पुरता आपला झालेला आहे. ते नाव ऐकलं की गजरे माळलेल्या बायका, अंधार, पंखे, मध्यंतराचा गोंगाट हे सगळं एकदम येतं. वास कुठे राहतो ते हे नाव सांगतं. फुलाचं नाव न घेता फूल दिसतं. एकाच कपाटातली ही दोन नावं शेजारी ठेवली तर पोस्टकार्ड आणि पत्ता यांतला फरक कळतो.

विषाला औषध, अत्तराला विष

तिसरा आक्षेप रिकाम्या नावांवर. ‘फॉग’ म्हणजे धुकं. २०११ नंतर हे नाव घराघरांत पोहोचलं ते “क्या चल रहा है?” या प्रश्नाचं उत्तर म्हणून. धंद्याच्या दृष्टीनं हे नाव जबरदस्त आहे: आखूड, लक्षात राहणारं, थट्टेत वापरता येणारं. पण ते वासाबद्दल एक अक्षर बोलत नाही. आणि असं नाव कशावरही चिकटू शकतं.

हे चिकटणं किती निर्विकार असतं ते यवतमाळात बसून जास्त कळतं. राल्फ लॉरेनचं ‘पोलो’ १९७८ पासून मिळतं. हिरवी बाटली, ऐटबाज पुरुषाचा वास. ‘पोलो’ नावाचं कीटकनाशकही आहे, कापसावर फवारायचं. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वेळी बातम्यांत आणि तक्रारींत ज्या फवाऱ्यांची नावं आली त्यांत हेही एक होतं. आपल्या उत्पादनामुळे हे घडल्याचा आरोप कंपनीनं नाकारला. तो वाद इथे सोडवायचा नाही. मला फक्त शब्दाकडे बघायचं आहे. घोड्यावर बसून खेळायच्या एका श्रीमंती खेळाचं नाव. ते एका बाटलीवर गेलं तर मनगटावर लावतात, दुसऱ्या बाटलीवर गेलं तर पंपात ओततात. दोन्ही वेळा नाव आतल्या द्रवाबद्दल गप्प आहे.

आणि मग ‘पॉयझन’. डिओरनं १९८५ साली परफ्यूमचं नाव सरळ ‘विष’ ठेवलं. त्याआधी १९७७ मध्ये इव्ह सां लोरांनं ‘ओपियम’ म्हणजे अफू आणलं होतं. अमेरिकेत ते आलं तेव्हा चिनी वंशाच्या लोकांनी निषेध केला, कारण अफूनं त्यांच्या समाजाचं काय केलं ते त्यांना ठाऊक होतं. ‘पॉयझन’वर तसा ओरडा झाला नाही. धोका, मोह, जांभळी बाटली, सगळं फॅशनमध्ये बसलं.

आमच्याकडे उलटं आहे. कापसावर जे फवारतात त्याला कुणी विष म्हणत नाही. त्याला ‘औषध’ म्हणतात. “औषध मारायला गेला”, “औषध आणलं का?” आणि जी बातमी वर्तमानपत्रात येऊ नये पण येते, तिच्याबद्दल गावात हळू आवाजात बोलताना वाक्य असतं, “त्यानं औषध घेतलं.” त्या वाक्यातला ‘औषध’ हा शब्द ऐकलेल्या माणसाला ‘पॉयझन’ या नावातली चैन बघवत नाही. मी ते नाव वाईट आहे म्हणत नाही. ज्या घरात विष ही उपमा असते तिथे ते नाव शोभतं. आमच्याकडे विष उपमा नाही. तो कोपऱ्यातला डबा आहे, झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवलेला.

नावाची पारख यामुळेच स्थानिक असते. कोणतंही नाव जगभर सारखं वास देत नाही.

मराठीची पेटी

मग मराठीत सुगंधाला नाव द्यायला शब्द नाहीत का? आहेत, आणि पडून आहेत. आपला रोजचा शब्द ‘वास’. तो मुळात तटस्थ, पण वापरात बिचारा बदनाम झाला. “काय वास येऊन राहिला बे!” असं वऱ्हाडीत कुणी म्हटलं तर खिडकी उघडायची की स्वयंपाकघरात डोकवायचं, हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. पण वासाभोवती केवढं कुटुंब आहे: गंध, सुवास, दरवळ, घमघमाट, परिमळ, दर्प. दरवळ लांबून येतो, घमघमाट भरून राहतो, दर्प अंगावर येतो. ‘परिमल’ हा संस्कृतातून आलेला शब्द तर फार नेमका आहे; अमरकोशात तो चुरगळल्या-घासल्यानं उठणाऱ्या वासासाठी आहे. चंदन उगाळल्यावरचा किंवा रोशाचं पान बोटांत चोळल्यावरचा. आणि दूरवर पसरणाऱ्या वासाला ‘आमोद’. परफ्यूमचे शौकीन ‘सियाज’ हा फ्रेंच शब्द ज्या अर्थानं वापरतात, म्हणजे माणूस निघून गेल्यावर मागे रेंगाळणारी लहर, त्याच्या आसपासचा हा शब्द आपण मुलांना नाव म्हणून देतो आणि विसरतो.

हे खास मराठी कोडं आहे. आपण मुलींना जाई, जुई, केतकी, मालती, बकुळ अशी नावं देतो, मुलाला परिमल, सुवास म्हणतो. घरात फिरणारी माणसं सुगंधाची आणि कपाटातली बाटली मात्र इंग्रजी. सुगंधाचा धंदा मराठी माणसाला जमत नाही म्हणावं तर तेही खरं नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ पासून सुगंध बनवते आहे. मात्र अशा कंपन्यांचे सुगंध बहुतेक वेळा साबण, पावडर, अगरबत्त्यांमध्ये इतरांच्या नावाखाली आपल्यापर्यंत येतात. नाक मराठी, नाव दुसऱ्याचं.

मराठीनं एकदा तर जगाच्या आधी नाव ठेवलं आहे. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात. इन्स्टाग्रामवर पावसाळ्यात हा शब्द इतका उगवतो की तो ग्रीक काळापासूनचा असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो १९६४ चा आहे. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ग्रीक शब्द जोडून तो बनवला: दगड, आणि देवांच्या अंगातलं रक्त. त्याच निबंधात त्यांनी भारतातल्या मातीच्या अत्तराचीही दखल घेतली होती. विंदा करंदीकरांचा ‘मृद्‌गंध’ हा कवितासंग्रह १९५४ चा. म्हणजे शास्त्रज्ञ नाव शोधत होते त्याच्या दहा वर्षं आधी हा शब्द मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता. आणि तो जास्त चांगला आहे. त्यात दगड नाही, देव नाही. माती आणि वास, बस्स. काळ्या मातीवर जूनमधला पहिला शिडकावा झाल्यावर जे होतं ते यवतमाळात कुणालाही विचारा. त्यात देवाचं रक्त वगैरे काही नसतं, पेरणी जमेल की नाही याचा हिशेब मात्र असतो.

कन्नौजचे लोक याच वासाला नुसतं ‘मिट्टी’ म्हणतात. भाजलेली माती, पाणी, वाफ, आणि ती वाफ धरून ठेवणारं चंदनाचं तेल. एवढी किमया केल्यावर नाव काय, तर मिट्टी. माझ्या मते सुगंधाच्या जगातलं हे सर्वांत मोठं नाव आहे, कारण त्याला स्वतःच्या मालावर पूर्ण विश्वास आहे. याच्या दुसऱ्या टोकाला ‘शनेल नंबर पाच’. १९२१ मध्ये समोर ठेवलेल्या नमुन्यांमधून कोको शनेलनं पाचवा निवडला आणि आकडाच नाव म्हणून ठेवला. एकानं वस्तूचं नाव ठेवलं, दुसरीनं नावच काढून घेतलं. दोघांनीही खोटं सांगितलं नाही, आणि दोन्ही नावं टिकली.

यवतमाळची बाटली

समजा, उद्या घाटंजी किंवा झरी जामणीच्या एखाद्या बचतगटानं किंवा तरुण पोरांनी रोशाचं तेल घेऊन परफ्यूम केलं. नाव काय ठेवायचं?

पहिला मोह ‘मोह’ ठेवायचा होईल. आणि तो वाईट नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुलं पहाटे टपटपतात, गोंड-कोलाम घरांतल्या बायका-पोरं ती वेचतात, सगळ्या जंगलात गोडसर, जड वास भरतो. झाडाचं ‘मोह’ संस्कृत ‘मधूक’वरून आलं आणि भुलण्याचा ‘मोह’ वेगळ्या धातूवरून. मराठीत येऊन दोघे एकाच शब्दात राहायला लागले. असं नाव पैसे देऊनही बनवता येत नाही. पण अट एकच: बाटलीत मोहाच्या फुलाचा वास असला पाहिजे. रोशाच्या बाटलीवर ‘मोह’ लिहिलं तर आपणही तेच केलं जे ‘मोतिया’ म्हणणाऱ्यांनी केलं.

मग ‘रोशा’च का नाही? यावर आक्षेप येतील. कुणी म्हणेल, ‘रोष’ ऐकू येतो, रागावल्यासारखं वाटतं. वाटू दे. नाव पहिल्या दिवशी विचित्र वाटतं आणि वास त्याला हळूहळू अर्थ देतो. ‘खस’ हा शब्द काय कानाला गोड आहे? खसखस, खसकन, खसपस. पण वास आठवला की तो शब्दच गार वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कायद्याचा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार जे नाव मालाचंच वर्णन करतं ते एकट्याच्या मालकीचं सहजासहजी होत नाही. परफ्यूम आणि सुगंधी तेलं तिसऱ्या वर्गात मोडतात. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये लागतात. पण रोशाच्या परफ्यूमला ‘रोशा’ नाव मागितलं तर ते अडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून सल्लागार सांगतात, काहीतरी बनवलेलं, अर्थ नसलेलं नाव घ्या. धंद्याच्या बाजूनं हा सल्ला चूक नाही. ‘फॉग’ अशाच शहाणपणातून येतं.

मला मात्र यात तोट्यापेक्षा फायदा दिसतो. ‘रोशा’ कुणा एकाचं होऊ शकत नाही, हेच त्या नावाचं मोठेपण. ज्या नावाची मालकी घेता येत नाही ते नाव सगळ्या उतारांवर कापणाऱ्या सगळ्यांचं राहतं, जसं ‘हापूस’ सगळ्या बागायतदारांचं. स्वतःची ओळख हवी तर पुढे गावाचं, गटाचं, नाल्याचं नाव लावा. मोठ्या अक्षरात रोशा, खाली आपलं नाव. कायद्याला ते चालेल आणि वासाशीही प्रामाणिक असेल. या भागाला नावाची ताकद शिकवायची गरज नाही. इथे कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘मल्लिका’ म्हणजे मोगऱ्याचं नाव असतं, आणि कोणतं पाकीट कुणी पेरलं याची चर्चा पारावर होते. जी माणसं बियाण्याचं नाव इतकं पारखून घेतात ती आपल्या अत्तराला कुणी दिलेलं नाव तसंच का स्वीकारतील?

माझी कसोटी शेवटी साधी आहे. नाव ठरल्यावर ते गवत कापणाऱ्या माणसाला मोठ्यानं सांगून बघावं. त्याला ते उच्चारता आलं, आणि बाटलीत काय आहे ते त्याच्या लक्षात आलं, तर नाव बरोबर. त्यानं “म्हणजे काय?” विचारलं, तर नाव अजून सापडलेलं नाही. ‘पामारोझा’ या कसोटीला उतरत नाही. ‘टर्किश जेरेनियम’ तर मुळीच नाही. ‘मिट्टी’ उतरतं, ‘मृद्‌गंध’ पहिल्या सरीत उतरतं.

दीडशे वर्षांपूर्वी या गवताला स्वतःच्या नावानं विकणारं कुणी नव्हतं, म्हणून ते गुलाब होऊन विकलं गेलं. आज एका फोनवरून बाटली कोल्हापूरला जाते आणि कॅनडालाही जाते. मधली बंदरं गेली. आता जे नाव लिहू तेच नाव पोहोचणार आहे, आणि ते चुकलं तर नावं ठेवायला दुसरं कुणी सापडणार नाही.